पेढीचे ज्ञान संकेतस्थळावर

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला दिगंबर समाजात श्रुतपंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीला श्वेतांबर समाजात ज्ञानपंचमी साजरी होते. या दिवशी ग्रंथ बाहेर काढले जातात, त्यांवरची धूळ झटकली जाते, जीर्ण वेष्टने बदलली जातात, पूजा होते. श्रुतपंचमीमागची परंपरा सर्वपरिचित आहे. आपल्यामागे श्रुतज्ञान लोप पावेल, अशी चिंता गिरनारच्या चंद्रगुंफेतील धरसेनाचार्यांना लागली. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ते ज्ञान दिले आणि त्यातून षट्खंडागम ग्रंथरूपाने सिद्ध झाला. आगमाची बरोबरी व्यवहारातल्या कोणत्याही माहितीशी होऊ शकत नाही. तरीही मुखोद्गत ज्ञान वेळेवर लिहिले नाही, तर ते एका पिढीत नाहीसे होते, हा बोध व्यापारी पेढीलाही लागू पडतो.

पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, केबल, रसायने, पोलादी नळ्या अशा तांत्रिक मालाच्या व्यापारात समाजातील असंख्य कुटुंबे आहेत. गादीवर चाळीस वर्षे बसलेल्या ज्येष्ठांना मालाचा भाव तर ठाऊक असतोच. कोणत्या विहिरीवर कोणता पंप टिकेल, कोणत्या आम्लाला कोणते सील चालणार नाही, हेही ते ग्राहकाची दोन वाक्ये ऐकून सांगतात. हे ज्ञान कोणत्याही वहीत नाही आणि ताळेबंदातही नाही. दुसरीकडे ग्राहक दुकानाची पायरी चढण्याआधी मोबाइलवर शोध घेतो. तिथे त्याला अनेक विक्रेते, एकसारखी छायाचित्रे आणि उतरते भाव दिसतात. ज्ञान अदृश्य राहिले की स्पर्धा केवळ सवलतीची उरते, आणि त्या स्पर्धेत नव्या पिढीला पेढीचा व्यवसाय रुक्ष वाटू लागतो. पेढीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या लेखांचा विभाग, ज्याला सर्वजण ब्लॉग म्हणतात, तो सुरू करणे हा यावरचा एक साधा आणि अल्पखर्चाचा उपाय आहे.

वाट जुनीच आहे

तांत्रिक माल विकणाऱ्याने ग्राहकासाठी लिहावे, ही कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत शेतीची अवजारे बनविणाऱ्या जॉन डीअर कंपनीने 1895 मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक काढले. महाराष्ट्रात किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्यातून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. समाजापुरते बोलायचे, तर सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकात 'जैन बोधक' सुरू केले. व्यापारी घराण्यातील माणसाने लेखणी हाती धरण्याची परंपरा त्यामुळे नवी नाही. त्या काळी छापखाना, कागद आणि टपाल यांचा भार होता. आज त्यांची जागा काही मोफत साधनांनी घेतली आहे.

पहिले साधन: प्रश्नांची वही

संकेतस्थळ बनविणाऱ्याकडे जाण्यापूर्वी महिनाभर एक काम करावे. दूरध्वनीवर, काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर ग्राहकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावा. गूगल शीट्ससारख्या सामायिक तक्त्यात दुकानातील सर्वांना तो आपापल्या मोबाइलवरून लिहिता येतो. प्रश्न, विचारणाऱ्याचा व्यवसाय, दिलेले उत्तर आणि उत्तर देणाऱ्याचे नाव एवढे चार रकाने पुरतात. जे प्रश्न वारंवार येतात, तेच पहिल्या लेखांचे विषय.

पंपाच्या पेढीचे उदाहरण घेऊ. "पंप फिरतो, पण पाणी उचलत नाही," ही नेहमीची तक्रार. जमिनीवर बसवलेला पंप पाणी ओढतो असे म्हटले जाते. वस्तुतः पंप नळीतील दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब जास्तीत जास्त सुमारे 10.3 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. घर्षण आणि इतर तूट धरता प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा ठेवता येत नाही, आणि उंचावरच्या गावी ही मर्यादा आणखी खाली येते. उन्हाळ्यात विहिरीची पातळी याहून खाली गेली, की मोठी मोटार बसवूनही उपयोग होत नाही. पंप खाली उतरवावा लागतो किंवा पाण्यात बुडणारा पंप घ्यावा लागतो. पातळी आवाक्यात असेल, तर फूट व्हॉल्व्हची गळती आणि सक्शन नळीच्या सांध्यातून शिरणारी हवा तपासावी. ज्येष्ठांना तोंडपाठ असलेली ही चार वाक्ये एका आकृतीसह लिहिली, तर शेतकऱ्याचा एक अनावश्यक खर्च वाचतो. तो वाचविणाऱ्या पेढीचे नाव तो विसरत नाही.

बोलणे लेखात उतरविणे

ज्येष्ठांना लिहायला बसविणे अवघड असते. बोलते करणे सोपे असते. नातवाने किंवा नातीने प्रश्न विचारावेत आणि आजोबांनी उत्तरे द्यावीत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. गूगल डॉक्समधील आवाजी टंकलेखन आणि जीबोर्ड हा कळफलक मराठी बोलणे बऱ्याच अंशी अक्षरांत उतरवितात. तांत्रिक शब्द मात्र चुकतात, म्हणून हा मसुदा म्हणजे कच्चा माल समजावा. गूगल डॉक्समध्ये 'सूचना' पद्धती असते. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याने मान्य करेपर्यंत मूळ मजकूर अबाधित राहतो. घरातील अभियंता मुलगी किंवा सून संपादन करते, आकडे ज्येष्ठ तपासतात, आणि जुनी आवृत्तीही जपली जाते.

एका तांत्रिक अडचणीकडे अनेकांचे लक्ष जात नाही. पेढ्यांची जुनी मराठी माहितीपत्रके बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. तो मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर चिकटविला, तर वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतात आणि शोधयंत्रालाही तो वाचता येत नाही. लेख युनिकोडमध्येच असावा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत. बदलल्यावर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत. 'मुक्त' आणि 'नोटो सान्स देवनागरी' हे देवनागरी फॉन्ट विनामूल्य वापरता येतात.

घर स्वतःचे असावे

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लिहिणे सोपे; पण ती भाड्याची जागा आहे. मालकाने नियम बदलले की भाडेकरूचा इलाज चालत नाही. मूळ लेख स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर असावा आणि इतर ठिकाणी त्याचा दुवा द्यावा. असा पत्ता, म्हणजे डोमेन, वार्षिक शुल्क भरून मिळतो. शेवटी '.भारत' असलेला देवनागरी पत्ताही घेता येतो. डोमेनची नोंदणी पेढीच्या नावाने आणि पेढीच्याच ईमेलवर करून घ्यावी. ती संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या नावावर राहिली, तर पुढे मतभेद झाल्यास दुकानाची पाटीच दुसऱ्याच्या ताब्यात असल्यासारखे होते.

लेख मांडण्यासाठी वर्डप्रेस ही प्रणाली सर्वाधिक रूढ आहे. 2003 पासून चालत आलेली ही प्रणाली मुक्त स्रोत आहे आणि तिचे जाणकार कोणत्याही शहरात सापडतात. ज्यांना एवढाही व्याप नको, त्यांनी गूगलच्या ब्लॉगरवर विनामूल्य आरंभ करावा. संकेतस्थळाच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा मोफत देते. सर्व मजकुराची प्रत दर आठवड्याला वेगळ्या ठिकाणी साठविण्याची व्यवस्था अपड्राफ्टप्लससारख्या जोडणीने करता येते. ग्रंथभांडारात एका पोथीच्या अनेक प्रती करून ठेवण्यामागे जी दृष्टी होती, तीच येथेही हवी.

चित्र, आकृती, आकडे

तांत्रिक लेखात चांगली आकृती पानभर मजकुराचे काम करते. नळीची जोडणी किंवा विद्युतजोडणी दाखविण्यासाठी ड्रॉ डॉट आयओ हे मोफत साधन पुरेसे आहे. छायाचित्रे स्वतःच्या गोदामातील असावीत. झिजलेल्या इम्पेलरचे मोबाइलवर काढलेले चित्रही उत्पादकाच्या चकचकीत चित्रापेक्षा अधिक शिकविते. मोठी छायाचित्रे पान उघडण्यास विलंब लावतात, म्हणून स्क्वूश या साधनाने त्यांचा आकार कमी करावा. मानकांचा उल्लेख अचूक असावा. उदाहरणार्थ, पाण्यात बुडणाऱ्या पंपसंचांसाठी भारतीय मानक 8034 आहे. वस्तूवरील आयएसआय चिन्हाचा परवाना क्रमांक खरा आहे का, हे भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येते. ही एक गोष्ट सांगणारा लेखही ग्राहकाला बनावट मालापासून वाचवू शकतो.

अतिचार टाळण्याची कसोटी

साधनांइतकेच महत्त्व लेखनाच्या शुद्धतेला आहे, आणि तिची कसोटी समाजाला बाहेरून आणावी लागत नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन आजच्या व्यापारी लेखनाला थेट लागू पडतात. पहिला मिथ्योपदेश. न तपासलेला सल्ला, 'आयुष्यभर बिघडणार नाही' यासारखा दावा हे त्याचेच रूप. दुसरा रहोभ्याख्यान. ग्राहकाच्या कारखान्यातील अडचण त्याच्या संमतीविना, नावानिशी सांगणे यात मोडते. तिसरी कूटलेखक्रिया. खोटे अभिप्राय आणि विकत घेतलेली प्रशंसा यांना याहून नेमका शब्द सापडणे कठीण. अचौर्य व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार येतो. अस्सलाच्या नावावर नक्कल खपविणे हा त्याचा अर्थ. दुसऱ्याचा लेख किंवा आकृती स्वतःची म्हणून छापणे याच वृत्तीचे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरतानाही हीच कसोटी लावावी. चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांच्याकडून भाषा सुधारून घेणे, लांब मसुदा आटोपशीर करणे, मराठी लेखाचा हिंदी किंवा गुजराती मसुदा मिळविणे यांत गैर काही नाही. परंतु ही साधने चुकीचा आकडाही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. दाब, तापमान, अश्वशक्ती किंवा रसायनाचे प्रमाण चुकले, तर मोटार जळते, प्रसंगी कामगार भाजतो. प्रमाद हे हिंसेचे कारण मानणाऱ्या परंपरेत याला किरकोळ चूक म्हणता येणार नाही. प्रत्येक आकडा जाणत्या माणसाने तपासावा आणि लेखाखाली तपासणाऱ्याचे नाव व दिनांक द्यावा.

ग्राहकांची नावे आणि भ्रमणध्वनी क्रमांक गोळा करायचे असतील, तर ते कशासाठी हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मागे आहेच. परंतु गरजेपेक्षा अधिक न साठविणे ही अपरिग्रहाचीही शिकवण आहे.

मोजमाप आणि धीर

लेख प्रसिद्ध झाल्यावर तो वाचला जातो का, हे कळायला हवे. गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन येथे सर्वांत उपयुक्त. लोकांनी कोणते शब्द शोधले असता पेढीचे पान दिसले, आणि त्यांपैकी कितीजणांनी ते उघडले, हे त्यात दिसते. पुष्कळदा असे आढळते की, लेखात 'अपकेंद्री पंप' लिहिलेले असते आणि शेतकरी 'पाणी ओढत नाही' असे शोधत असतो. मग शीर्षक ग्राहकाच्या शब्दांत बदलावे. व्हॉट्सॲप बिझनेसवर एखाद्याने प्रश्न विचारला, की उत्तरासोबत संबंधित लेखाचा दुवा पाठवावा. तेच उत्तर रोज नव्याने टंकलिखित करण्याचे श्रम वाचतात आणि नव्या कर्मचाऱ्याला शिकविण्याचे कामही त्याच लेखांतून होते.

फळ लगेच मिळत नाही. शोधयंत्रांना नव्या संकेतस्थळाची ओळख पटायला कित्येक महिने लागतात. पहिल्या उत्साहात आठ लेख लिहून नवव्या वेळी थांबणे, हे अशा उपक्रमांचे सर्वपरिचित दुखणे आहे. त्यापेक्षा महिन्याला एकच लेख, परंतु नेमाने, हे अधिक टिकते. वर्षअखेरीस बारा प्रश्नांची बारा तपासलेली उत्तरे हाती येतात. जुन्या लेखांतील बदललेली मानके आणि बंद झालेली मॉडेल्स वर्षातून एकदा तपासावीत. त्यासाठी श्रुतपंचमी किंवा ज्ञानपंचमीचा दिवस ठरवून घेतल्यास विसर पडणार नाही.

व्यापारात भाव दुसऱ्याला कमी करता येतो, माल दुसऱ्याला मागविता येतो. चाळीस वर्षांचा अनुभव मात्र दुसऱ्याला उसना मिळत नाही. तो ज्यांच्याजवळ आहे, ते ज्येष्ठ आज गादीवर बसतात, प्रश्नांना उत्तरे देतात आणि नातवंडांच्या हाती ध्वनिमुद्रण करणारा मोबाइल आहे. येत्या रविवारी एक प्रश्न आणि अर्धा तास एवढ्यावर पहिला लेख तयार होऊ शकतो.