गाडीचा सूर ओळखावा कसा?

बैलगाडीचें चाक करकरूं लागलें कीं वऱ्हाडांतला गाडीवान गाडी उभी करतो, आंसाला वंगण देतो आणि मगच पुढें निघतो. ही विद्या त्याला कोणत्याहि शाळेनें शिकविलेली नसते. पण आजची करकर ऐकली नाहीं तर उद्यां आंस झिजेल, एवढें तो पक्कें जाणतो. आपण सुशिक्षित मंडळी मात्र मोटारींतून नवा आवाज येऊं लागला कीं एक तर खिडक्या लावून घेतों, नाहीं तर घाबरून अर्धी गाडी उकलावयास सांगतों. मीं स्वतः या दोन्ही चुकांच्या काठावरून परत आलों आहें. ती हकीकत आज श्रोत्यांना सांगावी असा विचार आहे.

अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीच्या तीरावर कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचें माहेर म्हणून तें गांव सर्वांना ठाऊक आहे. श्रीकृष्णानें तिला येथूनच रथांत बसवून नेलें अशी कथा आहे. तो प्रसंग पावसाळ्यांतला नसावा असें मात्र मला नेहमीं वाटतें. कारण या भागांतली काळी कपाशीची जमीन एकदां भिजली म्हणजे रथ काय, रिकामी बैलगाडीहि जागची हलत नाहीं. त्या बाजूस आमची थोडी शेती आहे आणि तिच्यापायीं एक जुनी जीप आम्हीं बाळगली आहे.

जीप मूळची लष्करी गाडी. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, ती अमेरिकन सैन्यासाठीं हजारोंनी तयार झाली. १९४५ मध्यें विलिस कंपनीनें तिची नागरी आवृत्ति काढली, आणि पुढें त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईंत महिंद्र कंपनीनें तिची जुळणी सुरू केली. चिखलांतून ओढून काढणें हें तिचें काम. म्हणून तिचे गिअर जोराचे आहेत, वेगाचे नाहींत. त्या नागरी जीपच्या वरच्या गिअरांतहि चाकाच्या एका फेऱ्यासाठीं इंजिनाला सुमारें ५.३८ फेरे घ्यावे लागतात. ताशीं ६० किलोमीटर जावयाचें तर इंजिन मिनिटाला सुमारें २४०० फेरे मारतें. शेतांत हा गुण, पण अमरावतीच्या सरळ सडकेवर हीच शिक्षा!

यावर तोडगा म्हणून गिअरपेटीच्या मागें एक लहानसें यंत्र बसवितात. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. जीपप्रमाणेंच इंग्लंडांतल्या लँड रोव्हर गाडीसाठींहि फेअरी या कंपनीनें तसें यंत्र काढलें होतें. आमच्या गाडींतल्या यंत्राची रचना सूर्यमालेसारखी आहे. मध्यें एक चक्र, त्याच्याभोंवतीं फिरणारीं लहान ग्रहचक्रें, आणि त्या सर्वांना वेढणारें आंतून दांते असलेलें कडें. दांडी एका बाजूला ओढली कीं हीं सगळीं चक्रें एकमेकांना जखडून एकाच गोळ्यासारखीं फिरतात. तेव्हां दांत्यांवर दांता फिरत नाहीं. दांडी दुसऱ्या बाजूला केली कीं ग्रहचक्रें आपापल्या खुंट्यांवर फिरूं लागतात, आणि गाडीचा वेग तोच राहून इंजिनाचे फेरे एक चतुर्थांश कमी होतात. मघांच्या २४०० चे १८०० होतात. पेट्रोल वाचतें, इंजिन वाचतें आणि बसणाऱ्याचे कानहि वाचतात.

एका श्रावणांत शेतावरून परततांना मीं सडकेवरून तापलेली गाडी तशीच एका भरलेल्या नाल्यांत घातली. पलीकडे पोंचलों याचा आनंद झाला. पंधरा दिवसांनीं मात्र सडकेवर एक बारीक, लांब, रडका सूर ऐकूं येऊं लागला. ज्या गराजांत मी गेलों तेथें सांगण्यांत आलें, "जाड तेल भरूं, आवाज जाईल." तेल भरलें आणि आवाज खरोखरच दबला. मी निश्चिंत झालों. सहा आठवड्यांनीं तो परत आला, आणि या वेळीं दुप्पट मोठा होऊन आला. तेव्हां दुसऱ्या एकानें सल्ला दिला कीं तें यंत्रच काढून भंगारांत द्यावें. त्याचे सुटे भाग आतां सहज मिळत नाहींत.

शेवटीं मीं एका वृद्ध मिस्त्रींना गांठलें. त्यांनीं पान्याला हातहि लावला नाहीं. ते शेजारीं बसले आणि म्हणाले, "चला साहेब, सडकेवर. गाडी रडून नाही राहिली, बोलून राहिली. आपण ऐकाले पाह्यजे."

त्यांनीं जी परीक्षा केली ती कोणालाहि करतां येईल, म्हणून क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावें आणि क्लच दाबून व सोडून पाहावा. क्लच सोडल्यावर आवाज येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल तर दोष गिअरपेटींत शोधावा. आमची गाडी उभी असतांना गप्प होती.

दुसरी परीक्षा मला फार आवडली, कारण ती संगीताची आहे. वरच्या गिअरांत एकाच वेगानें चालत राहावें आणि ओव्हरड्राइव्ह घालून व काढून ऐकावें. तो घातल्यावर त्याच्या पुढचे भाग, म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी, एक चतुर्थांशानें मंद होतात. मागचे भाग, म्हणजे चारहि चाकांना शक्ति वांटणारी पेटी आणि आंसांतले गिअर, पूर्वीच्याच वेगानें फिरत राहतात. आतां तीन चतुर्थांश हें प्रमाण म्हणजे षड्जापासून मंद्र पंचमापर्यंतचें अंतर होय. म्हणून रडका सूर 'सा'वरून खालच्या 'प'वर उतरला तर दोष पुढें आहे; सूर जागचा हलला नाहीं तर दोष मागें आहे; आणि ओव्हरड्राइव्ह घालतांच सूर उमटला व काढतांच नाहींसा झाला, तर अपराधी तींच ग्रहचक्रें, कारण तीं तेव्हांच फिरतात. आमच्या गाडीचा निकाल तिसऱ्या प्रकारचा लागला.

तिसरी परीक्षा पायाची. पेट्रोल देतांना आणि पाय काढल्यावर आवाज बदलतो का, हें पाहावें. ओढतांनाच आवाज येत असेल तर दांत्यांची एकच बाजू किंवा बेअरिंगची ढिलाई यांचा संशय घ्यावा. एवढ्यानेंहि शंका उरली तर चारहि चाकें उचलून गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी आणि लांब लाकडी दांडीचें एक टोंक पेटीला व दुसरें कानाला लावून ऐकावें. डॉक्टरांच्या नळीचें काम ती दांडी करते. मात्र हें काम घरीं जॅकच्या भरंवशावर कोणी करूं नये. फिरतें चाक जमिनीला टेकलें तर गाडी अंगावर येते.

चौथी परीक्षा तेलाची. सपाट जागीं, गाडी थंड असतां, भरण्याच्या भोंकाचें बूच काढावें. तेल भोंकाच्या कांठापर्यंत असावें. मग थोडें बोटावर घ्यावें. रुपेरी चकाकी दिसली तर पोलाद झिजतें आहे. पिवळी दिसली तर पितळी भाग झिजत आहेत. आणि रंग दुधाळ असेल तर आंत पाणी शिरलें आहे.

आमचें तेल पातळ ताकासारखें निघालें! मिस्त्रींनीं मला एकच प्रश्न विचारला, "नाला कधी ओलांडला?"

कारण सोपें आहे. तापलेली पेटी गार पाण्यांत गेली कीं तिच्यांतली हवा आकुंचन पावते आणि जुन्या सीलांतून व हवेच्या छिद्रांतून पाणी आंत ओढून घेते. पाणी मिसळलेल्या तेलाचा पापुद्रा दांत्यांमध्यें टिकत नाहीं. सुईसारख्या बारीक बेअरिंगांवर गंजाचे खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांवरून फिरणारें चक्र रडूं लागतें. जाड तेलानें तें रडणें झांकलें, गंज मात्र चालूच राहिला. गाडी विकतांना पेटींत लाकडाचा भुसा घालून आवाज दडपण्याची एक जुनी लबाडी आहे. मीं अजाणतां स्वतःवर तीच लबाडी केली होती. आणखी महिनाभर तसाच गेलों असतों तर बेअरिंग फुटून यंत्र भर सडकेवर जखडलें असतें, आणि गाडींत घरची मंडळी असती.

दुरुस्ती दोन दिवसांची झाली. यंत्र उतरवून प्रत्येक भाग रॉकेलनें धुतला. दांते शाबूत होते. बारीक बेअरिंगें, सील आणि कागदी पॅकिंग नवें घातलें. मधली ढिलाई पातळ पत्र्याच्या चकत्यांनीं बेताची केली, कारण फार घट्ट बेअरिंगहि ओरडतें आणि फार सैलहि. हवेचें बुजलेलें छिद्र साफ केलें. पेटींत ९० क्रमांकाचें, पितळी भागांना न खाणारें गिअरचें तेल भरलें. शंभर किलोमीटर चालवून तें काढलें आणि पुन्हां स्वच्छ तेल घातलें. दांते खरोखर झिजले असते तर एकमेकांत बसणारीं चक्रें जोडीनेंच बदलावीं लागलीं असतीं; जुन्या दांत्याशीं नवा दांता जमत नाहीं.

आतां नाला समोर आला कीं मी गाडी थांबवितों, पेटी निवूं देतों आणि मगच पाण्यांत उतरतों. पलीकडे गेल्यावर दुसऱ्या दिवशीं बूच काढून तेलाचा रंग पाहतों. जुन्या गाडींतून थोडी गुणगुण येणारच. ती तिची प्रकृति आहे. परंतु कालपर्यंत नसलेला सूर आज उमटला, तर तो बंद कसा करावा हें विचारण्यापूर्वी तो केव्हां येतो आणि केव्हां जातो, हें आधीं विचारावें. वऱ्हाडचा गाडीवान हेंच करीत आला आहे.