मुकी पोथी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथले ठाकर लोक चित्रकथी सादर करतात. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली कथा. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवलेले असतात. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात.

पोथी म्हटलं की आपण अक्षरं शोधणार. नुकतंच वाचायला आलं, की ही सवय लागतेच! पण या पोथीतली कथा सांगणाऱ्याच्या तोंडी असते. चित्रात रावण उभा आहे. तो काय बोलला, कुठल्या सुरात बोलला, हे चित्र सांगत नाही. सांगणारा कुणाला न शिकवता गेला, तर पोथी मुकी झाली.

मग शिकायचं कसं? वडिलांच्या साथीला बसून. टाळ वाजवता वाजवता चाल कानात बसते. चित्र कधी उलटायचं, आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, हे बघून बघून येतं. थांबणं ही मोठी विद्या आहे, असं आम्हांला वाटतं. घाईनं सांगितलेली कथा कोण ऐकणार?

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ही कलाही त्यांच्या घरात वाडवडिलांकडूनच आली.

तुमच्या गावात कथा सांगणारी एखादी आजी असेल. तिच्याकडे जा, पण पहिल्या दिवशी वही नेऊ नका. नुसतं ऐका. मध्ये मध्ये 'हूं' म्हणा. हुंकार नसला तर सांगणारा अडतो. दुसऱ्या दिवशी तीच कथा तुम्ही तिला सांगा. ती चुका काढील, हसेलही. काढू द्या. मग वही उघडा.