उत्तरेच्या दाराने आत शिरा
लेखमाला : दगडांच्या गावांना – लेखांक ९

गेल्या रविवारी आपण एफेससच्या संगमरवरी रस्त्यावरून चाललो. तिथून पूर्वेला, बसने साधारण तीन तासांवर, पामुक्कले आहे. पामुक म्हणजे कापूस आणि कले म्हणजे किल्ला. अरबी ‘कलआ’ तुर्कीत ‘कले’ झाला, आपल्याकडे येऊन ‘किल्ला’ झाला; तेव्हा नावाचा अर्धा भाग आपल्या घरातलाच. लांबून पाहिलं तर देनिझलीच्या सपाट शेतांमागे डोंगराच्या कडेवर कुणी पिंजलेला कापूस पसरून ठेवलाय असं खरंच वाटतं. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आणि १६० मीटर उंच असा हा पांढरा उतार. त्याच्या माथ्यावर हिएरापोलिस नावाचं ग्रीक-रोमन शहर पडून आहे. दोघांना मिळून युनेस्कोने १९८८ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

बहुतेक मराठी पाहुणे इथे एका दिवसासाठी येतात. सकाळी सेल्चुक किंवा कुशादासीहून निघायचं, वाटेत एखाद्या दुकानात थांबायचं, जेवायचं आणि मग स्थळावर जेमतेम तीन तास. त्यातले अडीच तास पांढऱ्या उतारावर फोटो काढण्यात जातात आणि शहर राहून जातं. आजचा लेख त्या तीन तासांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच की पांढरा उतार आणि पडकं शहर हे एकाच पाण्याचं काम आहे, आणि ते क्रमाने पाहिलं तरच कळतं. क्रम लावायचा तर उत्तरेच्या दाराने आत शिरायला हवं.

आमच्या गटाची गाईड देनिझलीचीच होती. पन्नाशीची बाई, गळ्यात सरकारी परवान्याचं ओळखपत्र. गाईडला तुर्कीत ‘रेहबेर’ म्हणतात, म्हणजे आपला रहबर. बसमध्येच तिने सांगितलं, “उतारावर जायची घाई करू नका. आधी मेलेल्यांना भेटू, मग जिवंतांच्या गावात जाऊ, आणि पाणी शेवटी.” आमच्यातल्या काहींना ते रुचलं नाही. मला मात्र त्या दिवसाची गुरुकिल्ली त्या वाक्यातच मिळाली.

उत्तरेच्या दाराशी स्मशान आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास दोन किलोमीटर पसरलेलं, हजाराहून जास्त थडग्यांचं. कुठे घरासारखी दगडी खोली, कुठे मातीचा गोल उंचवटा, कुठे नुसती दगडी पेटी, झाकण बाजूला सरकलेली. एवढी माणसं इथे कशाला येऊन मेली? बरीचशी इथलीच होती. पण गरम पाण्याने दुखणं बरं होईल म्हणून दूरदूरहून आलेले आणि परत न गेलेलेही त्यांत असणारच.

या थडग्यांवरचा मजकूर माणसांबद्दल फार काही सांगतो. शहराच्या वेशीजवळ फ्लाविउस झेउक्सिस नावाच्या व्यापाऱ्याचं थडगं आहे. आपण मालेआच्या भूशिराला वळसा घालून बहात्तर वेळा इटलीला जाऊन आलो, असं त्याने दारावर कोरून ठेवलंय. ग्रीसच्या दक्षिण टोकाचं ते भूशीर खलाशांच्या जिवावर उठणारं होतं. ते बहात्तरदा पार केलं, याहून मोठी गोष्ट आपल्या आयुष्यात घडली नाही, असं त्याला वाटलं असावं. व्यापार बहुधा कापडाचा. कारण लोकर रंगवणं हा या गावाचा मोठा धंदा होता आणि त्या धंद्यामागे इथलं पाणी होतं. भूगोलकार स्ट्राबो लिहितो की इथल्या पाण्यात झाडांच्या मुळांनी रंगवलेली लोकर, किरमिजी किड्यांनी किंवा महागड्या समुद्री जांभळ्या रंगाने रंगवलेल्या लोकरीच्या तोडीची होते. पाण्यातले क्षार रंग धरून ठेवायला मदत करत असणार.

पुढे ग्लिकॉन नावाच्या माणसाची दगडी पेटी आहे. त्याने जांभळा रंग देणाऱ्या रंगाऱ्यांच्या संघाला २०० दिनार आणि गालिचे विणणाऱ्यांच्या संघाला १५० दिनार ठेवले. त्या पैशाच्या व्याजातून दरवर्षी ठरलेल्या सणांना आपल्या थडग्यावर हार चढवावा, ही अट. ते सण ज्यू लोकांचे आहेत, आणि सोबत रोमन नववर्षाचा दिवसही आहे. रंगाऱ्यांचा संघ, विणकरांचा संघ, व्याजावर चालणारं वर्षश्राद्ध! गावाची अख्खी बाजारपेठ त्या एका पेटीवर उतरली आहे.

तिसरं थडगं पाहिलं आणि माझे पाय थबकले. मार्कुस आउरेलिउस अम्मियानोस नावाच्या कारागिराच्या पेटीच्या झाकणावर एक यंत्र कोरलंय. एका बाजूला पाणचक्कीचं चाक, त्याला दातेरी चक्रं, आणि त्यातून निघालेले दांडे दोन करवतींना मागेपुढे ओढताहेत. करवतींखाली दगडाचे ठोकळे. गोल फिरणारी गती सरळ मागेपुढे चालणाऱ्या गतीत बदलायची युक्ती आहे ही. शिलाई मशीनच्या पायट्यात किंवा मोटारीच्या इंजिनात असते ती, फक्त तिथे उलट दिशेने चालते. तिसऱ्या शतकातलं हे कोरीव काम म्हणजे या युक्तीचं आजवर सापडलेलं सर्वांत जुनं चित्र. पेटीवरच्या मजकुरात त्याच्या हाताची तुलना डेडालसशी, म्हणजे ग्रीकांच्या विश्वकर्म्याशी, केली आहे. पाण्याच्या जोरावर दगड कापणारा हा माणूस दगडाच्या पेटीत झोपला आहे.

इथून फ्रॉन्टिनुसच्या वेशीतून गावात शिरायचं. तीन कमानी, दोन्ही बाजूंना गोल बुरूज. इ.स. ८० च्या दशकात इथला प्रांताधिकारी असलेल्या फ्रॉन्टिनुसचं नाव तिला आहे. पुढे याच माणसाच्या हाती रोम शहराचा पाणीपुरवठा आला आणि त्याने जलवाहिन्यांवर ग्रंथ लिहिला. वेशीमागचा राजरस्ता १४ मीटर रुंद, त्याच्या फरशा अजून जागेवर आहेत. इ.स. ६० मध्ये नीरोच्या काळात भूकंपाने गाव पाडलं, लोकांनी ते पुन्हा बांधलं, पुढेही धक्के बसत राहिले आणि चौदाव्या शतकात ते कायमचं ओस पडलं. एपिक्टेटस नावाचा तत्त्वज्ञ इथेच गुलाम म्हणून जन्मला. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या या मुलाच्या शिकवणीची टिपणं पुढे रोमच्या सम्राटाने वाचली. त्याच्या नावाची एकही खूण गावात नाही, याची मला हळहळ वाटली.

आता या गावातल्या सर्वांत भयानक जागेकडे. अपोलोच्या देवळाजवळ प्लुटोनियम आहे, पाताळाचं दार. दगडी कमानीचं बुटकं तोंड, आत अंधार. पूर्वी पुजारी इथे बैलांना आणत. बैल आत शिरले की कोसळून मरत. पुजारी मात्र त्याच दारातून आत जाऊन जिवंत बाहेर येत. लोक बाहेर बसून हे पाहत आणि देवाची सत्ता मानत. स्ट्राबोने स्वतः इथे चिमण्या टाकून पाहिल्या, त्या तत्काळ मेल्या. पण त्याची नजर पुजाऱ्यांच्या चेहऱ्यांवरही होती. श्वास कोंडून धरल्याच्या खुणा त्याला तिथे दिसल्या, आणि त्याने त्या नोंदवून ठेवल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची ही शोधक नजर पाहून आदर वाटतो.

२०१३ मध्ये फ्रांचेस्को डी’आंद्रिया या इटालियन पुरातत्त्वज्ञाने ही जागा सापडल्याचं जाहीर केलं. पुढे हार्डी फान्त्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटाने इथली हवा मोजली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. जमिनीतल्या भेगेतून कार्बन डायऑक्साइड वर येतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत तळ्यासारखा साचतो. रात्रभर साचून पहाटे सर्वांत घातक होतो. दिवसा ऊन-वारा त्याला विरळ करतो. बैलाच्या नाकपुड्या त्या तळ्यात बुडतात. ताठ उभ्या माणसाचं नाक त्याच्या वर राहतं. आजही उबेच्या ओढीने त्या तोंडाशी गेलेले पक्षी मरतात, म्हणून जागेला कुंपण आहे.

हा वायू लक्षात ठेवा. पांढरा उतार त्यानेच घडवला आहे.

मधे नाट्यगृह लागतं. हजारो माणसं मावतील एवढं, रंगमंचामागची भिंत उभी असलेलं. त्याच्या वरच्या पायरीवर दहा मिनिटं बसा, पूर्ण गावाचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. इथे एक प्राचीन जलकुंडही आहे. त्याला तुर्कीत ‘अंतिक हवुझ’ म्हणतात. हवुझ म्हणजे आपला हौद. भूकंपात कोसळलेले खांब त्याच्या तळाशी तसेच आहेत आणि माणसं ३६ अंशांच्या पाण्यात त्या खांबांवर बसून असतात. तिकीट वेगळं लागतं. एका दिवसाच्या सहलीत मी तिथे उतरणार नाही. वेळ उतारासाठी राखावा.

उताराच्या तोंडाशी आमच्या सहल-व्यवस्थापक मुलाने गटातल्या सांगलीच्या काकूंना हात दिला. “काकू, इथून अनवाणी हं. चपला पिशवीत घ्या.” काकू बिचकतच उतरल्या. पांढरं दिसतं म्हणून गुळगुळीत असेल असं वाटतं, पण तळव्याला बारीक लहरी लागतात, समुद्राच्या ओल्या वाळूसारख्या, फक्त दगडाच्या. जिथे पाणी वाहतं तिथे पाय सरकतो, जिथे कोरडं आहे तिथे टोचतं. पायवाटेच्या कडेने गरम पाण्याचा पाट जातो. काकूंनी त्याच्या कडेवर बोट टेकवलं, तर वरचा थर मऊ लागला, घट्ट दह्यासारखा. “हे मीठ आहे का?” त्यांनी विचारलं.

मीठ नव्हे, चुना. गाईडने समजावलं ते असं. पावसाचं पाणी डोंगरातल्या भेगांतून खोल जातं, तापतं. कार्बन डायऑक्साइड मिसळल्याने ते जरा आंबट होतं आणि वाटेतला चुनखडी दगड विरघळवत वर येतं. जमिनीखाली दाब असतो तोवर सगळं पाण्यात राहतं. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की कसा फस्सकन वायू सुटतो, तसा बाहेर येताच या पाण्यातून वायू निघून जातो. वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही, तो तळाशी बसतो. आधी मऊ, मग दगड. आता खळगे कसे होतात? पाणी जिथे कडेवरून पातळ होऊन ओसंडतं, तिथे ते जास्त घुसळतं, वायू जास्त सुटतो, चुना जास्त बसतो. म्हणून कड उंचावत जाते, मागे पाणी साठतं, आणि बशी तयार होते. बशीखाली बशी, अशी ही उतरंड लागते. गिझरच्या कॉईलवर बसतो तोच क्षार, इथे हजारो वर्षं बसत आला आहे.

आपल्याकडेही पालीजवळ उन्हेरे आहे, राजापूरजवळ उन्हाळे आहे. गावांची नावंच ऊन पाण्यावरून पडली. पण कोकणातलं पाणी काळ्या बेसाल्टमधून येतं. विरघळवायला त्याला चुनखडी मिळत नाही, म्हणून तिथे पांढरी उतरंड नाही.

जुन्या लोकांनी हा चुना कामालाही लावला होता. पाटाने पाणी शेताच्या बांधाला न्यायचं, वाहू द्यायचं, काही काळाने पाटाच्या जागी दगडाची भिंत उभी. स्ट्राबो आणि वास्तुविशारद विट्रुवियस, दोघांनीही ही कुंपणं नोंदवली आहेत. बांधकाम पाण्यानेच केलेलं.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. जाहिरातीतल्या निळ्या पाण्याने भरलेल्या बशा बहुतेक वेळा कोरड्या असतात. विसाव्या शतकात उताराच्या माथ्यावर, थेट अवशेषांवर, हॉटेलं उभी राहिली. त्यांनी गरम पाणी आपल्या तलावांत वळवलं. उतारातून गाडीरस्ता काढला गेला. दगड मळका झाला. नंतर ती हॉटेलं पाडण्यात आली, आणि जुन्या रस्त्यावर कृत्रिम बशा बांधून तिथूनच पर्यटकांना चालू दिलं. आपण पाय बुडवतो ते पाणी या बांधलेल्या बशांमधलं. बाकीच्या उतारावर पाणी आळीपाळीने सोडतात, कारण ते सतत वाहिलं तर शेवाळ धरतं, आणि मधे ऊन मिळालं तरच दगड पांढरा राहतो. म्हणून कोरडी बशी पाहून कुणी फसवलं असं समजू नका. ती विश्रांती घेते आहे.

रखवालदार शिट्टी मारतात ती आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकणाऱ्यांवर. काकूंच्या बोटाला लागलेला तो दह्यासारखा थर आठवा. एका बुटाने तो चिरडतो, आणि तिथला दगड बसायला पुन्हा काळ लागतो. फोटोसाठी कडेवर चढू नका, सोबतच्यांनाही चढू देऊ नका.

आता नियोजनाचं. गाईडला आदल्या दिवशीच सांगा की बस उत्तरेच्या दाराशी सोडून खालच्या, गावाकडच्या दाराशी बोलवायची. म्हणजे स्मशान, वेस, पाताळाचं दार, नाट्यगृह अशा क्रमाने चालत, शेवटी उतारावरून अनवाणी खाली उतरता येईल आणि आल्या वाटेने परतावं लागणार नाही. उन्हाळ्यात पांढऱ्या दगडावरून ऊन उलटून डोळ्यांवर येतं. काळा चष्मा आणि पाण्याची बाटली जवळ हवी. गुडघे दुखत असतील तर उतार अर्ध्यावर सोडून वर परतलं तरी चालेल, पण मग ते बसवाल्याला आधी सांगा. आणि चपलांसाठी एक पिशवी घरूनच न्या.

पुढच्या रविवारी : याच खोऱ्यातलं, इथून दहा किलोमीटरवरचं लाओदिकेया आणि तिथल्या काळ्या लोकरीचा बाजार.