आकाशातील रहदारी आणि आपली मुले

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा धान्याच्या तेजीमंदीवाचून आम्हांस दुसरे काय लिहिता येणार, असेच अनेकांस वाटले असेल. आमचे शिक्षण शालांत परीक्षेपर्यंतचे; पुढील सारे आयुष्य बेळगावच्या रविवार पेठेत, पोत्यांच्या थप्प्यांत गेले. तथापि काही वर्षांपासून आमच्या घरी एका निराळ्याच परीक्षेचा ध्यास लागला आहे. तिची हकिकत सभासद बंधुभगिनींच्या कानी घालावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे धाकटे बंधू निपाणीस असतात. त्यांचे एकुलते एक चिरंजीव भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. झाले, आणि बंधूंनी पेढीच्या पाटीवर मुलाचे नाव घालण्याचा मुहूर्तही पाहिला. त्याच सुमारास चिरंजीवांनी सांगितले, "मला हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचे आहे." बंधू तडक बेळगावी आले व म्हणाले, "अण्णा, तुम्ही तरी त्याला समजवा." आम्ही समजावू लागलो, पण प्रथम हे काम काय आहे हेच आम्हांस ठाऊक नव्हते! सांबऱ्याचा विमानतळ आमच्या घरापासून फार दूर नाही. ब्रिटिश हवाई दलाने तो १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत बांधला आणि तेथील नवी इमारत २०१७ च्या सप्टेंबरात खुली झाली. येता-जाता तेथला मनोरा आम्ही शेकडो वेळा पाहिला, परंतु त्यात बसून माणसे काय करतात याचा विचार कधी मनात आला नाही.

पुतण्याने ते समजावून सांगितले. आकाशात वैमानिक आपल्या मर्जीने विमान वर वा खाली नेत नाही. किती उंचीवर राहावे, केव्हा वळावे, कोणी आधी उतरावे, हे जमिनीवरील नियंत्रक सांगतो. त्याच वाटेने जाणाऱ्या दोन विमानांत उंचीचे अंतर सर्वसाधारणपणे किमान हजार फूट राखावे लागते. सूचना मिळताच वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची. आकडेही बहुधा एकेक सुटा उच्चारावयाचा.

हे ऐकताच आम्हांस आमचीच एक जुनी चूक आठवली. ट्रंक कॉलचे दिवस होते. समोरच्या अडत्याने 'एकोणसाठ' पोती सांगितली, आम्ही 'एकोणसत्तर' ऐकली आणि परत विचारून घेतले नाही. दहा पोती ज्वारी जास्तीची आली, भाव उतरला, तोटा सोसला. चूक सर्वस्वी आमची होती. आमचे दहा पोत्यांवर भागले. आकाशात तसे भागत नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी व कझाकस्तानी अशी दोन विमाने एकमेकांवर आदळली व ३४९ माणसे मृत्यू पावली. दिल्लीच्या नियंत्रकाने एकास पंधरा हजार फुटांवर व दुसऱ्यास चौदा हजारांवर राहण्यास सांगितले होते, पण वरचे विमान खाली आले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक वैमानिकांच्या तोकड्या इंग्रजीचाही प्रश्न पुढे आला. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने वैमानिक व नियंत्रक यांच्या बोलण्यातील इंग्रजीसाठी सहा पायऱ्या ठरविल्या आणि निदान चौथी पायरी गाठणे आवश्यक केले.

आता परीक्षेविषयी, कारण पुष्कळ पालक हेच विचारतात. भरती भारतीय विमानपत्तन प्राधिकरण करते. २०२३ च्या जाहिरातीत ४९६ जागा होत्या, २०२५ च्या जाहिरातीत ३०९. भौतिकशास्त्र व गणितासह बी.एस्सी., अथवा ज्यात हे विषय शिकविले गेले अशी अभियांत्रिकीची पदवी हवी. खुल्या वर्गास वयाची मर्यादा सत्तावीस वर्षांची. संगणकावरील परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकल्यास गुण वजा होत नाहीत. (तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे बोहनीचे गिऱ्हाईक परतवणे होय.) निम्मे प्रश्न गणित व भौतिकशास्त्राचे असतात; उरलेल्यांत इंग्रजी, बुद्धिमापन, अंकगणित व सामान्यज्ञान येते. त्यानंतर आवाजाची चाचणी, मानसिक चाचणी, मादक द्रव्यांची तपासणी व वैद्यकीय तपासणी. सारे पार पडल्यावर शिक्षण. त्याचे जुने विद्यालय प्रयागराज येथे १९४८ पासून आहे. हैदराबाद व आपल्या महाराष्ट्रातील गोंदिया येथेही केंद्रे आहेत.

आमचा पुतण्या पहिल्या खेपेस लेखी परीक्षेतच मागे राहिला. दुसऱ्या खेपेस लेखी उत्तम झाली, पण आवाजाच्या चाचणीत जीभ अडखळली. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातले. कॉलेजात इंग्रजी वाचले, लिहिले, पण बोलण्याचा प्रसंग किती? घाई झाली की तो शब्दांची शेपटे गिळतो. आमच्या सीमाभागातील मुले घरी मराठी, बाजारात कानडी व वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतात, त्यामुळे कान तयार असतो. जिभेला मात्र तिसऱ्या भाषेचा सराव नसतो. या एका कारणासाठी हुशार मुले मागे पडावीत, याची आम्हांस खंत वाटते.

शिकवणी वर्गांच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. गणित व भौतिकशास्त्राची उजळणी त्यांत होते, हे मान्य. पण "जागा मिळवून देतो" म्हणणारा कोणी भेटल्यास त्याला ओटीवरूनच निरोप द्यावा. मानसिक चाचणी घोकून देता येत नाही. युरोप-अमेरिकेत तर पडद्यावर फिरणारे ठिपके एकमेकांस धडकू न देता त्याच वेळी बेरजा करावयास लावतात! आपल्या लेखी परीक्षेत तसले काही नाही, पण पुढे कामावर तेच करावे लागणार, म्हणून पुतण्याने तो सराव पेढीवरच सुरू केला. सकाळी आवकेच्या वेळी दिवाणजी पोत्यांचे आकडे सांगतात, दारात हमाल गाड्यांचे क्रमांक पुकारतात, टेलिफोनवर आम्ही भाव बोलत असतो. पुतण्या गादीच्या कडेला बसून तिन्ही ऐकतो आणि कागदाला हात न लावता कोणती गाडी आधी आली, कितीची बेरीज झाली, ते सांगतो. प्रथम चुकायचा. आता दिवाणजीच त्याच्याकडून आपली बेरीज ताडून घेतात. दुपारी तो इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने व सावकाश वाचतो. एक शब्द कळत नसूनही आमच्या मातोश्री समोर बसून ऐकतात, आणि शेपूट गिळले की हात वर करतात.

मातोश्रींची चिंता निराळी होती. रात्रपाळी आली तर सूर्यास्तानंतरच्या जेवणाचे काय? पुतण्या म्हणाला, "आजी, रात्री काम करायचे आहे, जेवायचे नाही." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण डब्यात काय द्यावे याचा विचार त्यांनी तेव्हापासूनच सुरू केला आहे.

बंधूंचा राग अद्याप गेलेला नाही. पेढी पुढे कोण चालविणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही, आणि आमच्यापाशीही त्याचे उत्तर नाही. मात्र संघाच्या कार्यालयातील संध्याकाळी रिकामी असलेली खोली अशा मुलांस इंग्रजी संभाषणासाठी द्यावी, अशी विनंती आम्ही कार्यकारिणीस या लेखाद्वारे करीत आहोत. निवृत्त शिक्षक आपल्यात आहेत. दिव्याचा खर्च आम्ही देऊ.

पुतण्या आता सव्वीस वर्षांचा होईल. पुढील जाहिरात केव्हा निघते, यावर सारे अवलंबून आहे. काल त्याने निपाणीस वडिलांना टेलिफोन केला. बंधूंनी मालाचा भाव सांगितला, पुतण्याने तो एकेक आकडा सुटा करून परत म्हटला. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग बंधू म्हणाले, "बरोबर."