डिरॅक मुंबईला का आले?

पॉल डिरॅक हे पुंजयामिकीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९३३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना श्रोडिंगर यांच्याबरोबर मिळाले होते. केंब्रिजच्या या प्राध्यापकांना १९५४-५५ या वर्षासाठी अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेने बोलावले. पण अमेरिकी सरकारने त्यांना व्हिसा नाकारला. तो साम्यवादाच्या धास्तीचा काळ होता आणि डिरॅक अनेकदा रशियाला जाऊन आले होते. १९५२ च्या नव्या स्थलांतर कायद्याने अशा माणसांना अडवण्याची मुभा दिली होती.

त्या वर्षी डिरॅक भारतात आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी व्याख्याने दिली. त्यांची टिपणे घेणाऱ्या दोन तरुणांपैकी एक होते जॉर्ज सुदर्शन, पुढे जगभर नाव झालेले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. प्रिन्स्टनचे दार बंद झाले आणि मुंबईचा फायदा झाला.

आपल्या देशात कोणाला येऊ द्यायचे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक सरकारला आहे, यात वाद नाही. पण हा हक्क बजावताना विद्यापीठात नेमके काय घडते? आपले विद्यार्थी परदेशी जाण्याची स्वप्ने पाहतात, म्हणून शिक्षकांनी हे समजून घ्यायला हवे.

व्हिसा वेगळा, मुक्काम वेगळा

समजा, आपल्या शाळेत शिकलेली एक मुलगी अमेरिकेत पीएच.डी. करायला निघाली आहे. विद्यापीठ तिला प्रवेश देते आणि 'आय-२०' नावाचे प्रमाणपत्र पाठवते. तिची नोंद सरकारच्या संगणकावर होते. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर ही पद्धत आली आणि २००३ पासून सर्व विद्यापीठांना सक्तीची झाली. मग वकिलातीत मुलाखत होते, व्हिसा मिळतो, आणि शेवटी विमानतळावरचा अधिकारी तिला आत सोडतो.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. व्हिसा हा केवळ दारापर्यंत येण्याचा परवाना आहे. आत राहण्याची मुभा वेगळी असते. त्यामुळे व्हिसाची मुदत संपली तरी अभ्यास नियमाने चालू असेल तर ती तिथे कायदेशीरपणे राहू शकते. मात्र एकदा देशाबाहेर पडली की परतण्यासाठी नवा व्हिसा हवा, आणि तो मिळेलच याची खात्री नसते. वडील आजारी पडले किंवा बहिणीचे लग्न ठरले तरी ती घरी यावे की नाही या विचारात पडते. दुसऱ्या देशातल्या परिषदेत शोधनिबंध वाचायची संधीही ती सोडून देते. तिला कोणी काहीच नाकारलेले नसते, तरीही ती अडकलेली असते.

विलंबाची किंमत

२००१ नंतर संवेदनशील मानलेल्या विज्ञान-तंत्रज्ञान विषयांतील अर्जदारांची जादा तपासणी होऊ लागली. तिला सरासरी ६७ दिवस लागतात, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ च्या अहवालात नोंदवले. ६७ दिवस फार वाटत नाहीत. पण ऑगस्टअखेरीस सत्र सुरू होते. तेव्हा पोचता आले नाही तर आख्खे सत्र, कधी वर्षही जाते. प्राध्यापकाला मिळालेल्या अनुदानाची मुदत मात्र थांबत नाही. शिवाय अमेरिकी विद्यापीठांत पदवीच्या मुलांची प्रात्यक्षिके बऱ्याचदा पीएच.डी.चे विद्यार्थीच घेतात. ते आले नाहीत तर तिथल्या स्थानिक मुलांचेच वर्ग अडतात.

यातली बोधाची गोष्ट पुढे आहे. पद्धत सुधारल्यावर त्याच तपासणीचा काळ २००४ च्या अखेरीस सुमारे १५ दिवसांवर आला. म्हणजे तपासणी आणि खोळंबा या दोन गोष्टी एकच नव्हेत.

तरीही २००६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक, रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता यांना चेन्नईत व्हिसा मिळाला नाही. ते त्या वेळी आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते! गवगवा झाल्यावर व्हिसा देऊ केला गेला. मेहता गेले नाहीत.

नियम बदलत राहिले की

२०१७ च्या जानेवारीत सात देशांच्या नागरिकांवर अमेरिकेत प्रवेशबंदी आली, तेव्हा सुटीत घरी गेलेले विद्यार्थी बाहेरच अडकले. जुलै २०२० मध्ये, साथीच्या काळात, ज्यांचे सर्व वर्ग संगणकावर भरतात त्यांनी देश सोडावा असा नियम जाहीर झाला. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेल्या आणि आठवडाभरातच तो मागे घेतला गेला. मे २०२५ मध्ये हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच सरकारने रद्द केला. तिथे असे सुमारे ६,८०० जण, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक होते. दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस जगभरच्या वकिलातींत विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणे थांबवले गेले. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले.

यांतले काही निर्णय टिकले, काही पडले. पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. इतका काळ नियम तेच राहतील असा भरवसा नसेल, तर हुशार मुलगा अर्ज करतानाच दुसरा देश निवडतो. ज्यांना व्हिसा नाकारला त्यांची मोजदाद होते. ज्यांनी अर्जच केला नाही त्यांची कोण ठेवणार? निर्बंधांचा मोठा परिणाम नकारापेक्षा या अनिश्चिततेतून होतो, असे मला वाटते.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या ११,२६,६९० परदेशी विद्यार्थ्यांत ३,३१,६०२ भारतीय होते. इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त.

वर्गात करून पाहा

जगाचा नकाशा घ्या. हरगोविंद खुराना यांचा प्रवास मुलांना बाणांनी दाखवायला सांगा: लाहोर, लिव्हरपूल, झुरिक, केंब्रिज, व्हँकूव्हर, विस्कॉन्सिन. जनुकीय संकेतावरील कामासाठी त्यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग एकेक बाण खोडायला सांगा आणि विचारा, 'हे दार बंद असते तर?' नंतर डिरॅक यांचा मुंबईला आलेला बाण काढायला सांगा. आपल्या प्रयोगशाळा अशा पाहुण्यांसाठी सज्ज आहेत का, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील.