बोल्टचे आटे का जातात?

गेल्या पावसाळ्यात आम्ही घरीच मोटारसायकलचे ऑईल बदलायला बसलो. इंजिनाच्या तळाशी ऑईल साठवणारे पसरट भांडे असते, ते ऑईल पॅन. जुने ऑईल काढण्यासाठी त्याच्या तळाला एक बोल्ट असतो. तो परत बसवल्यावर थेंब थेंब ऑईल पाझरू लागले, म्हणून आम्ही पान्याला नळी अडकवून तो आणखी आवळला. एकाएकी पाना हलका झाला आणि बोल्ट जागच्या जागी फिरू लागला. काढून पाहतो तो त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळल्यासारखी अडकलेली. ती तार म्हणजे पॅनचे आटे! चूक आमचीच होती. पण असे का घडले, हे पाहण्याजोगे आहे.

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरपी कड पेन्सिलीवर नागमोडी चढत जाते. बोल्टचा आटा म्हणजे असाच गुंडाळलेला उतार. उतार जितका कमी, तितक्या थोड्या बळाने जास्त भार हलवता येतो, हे आपण वर्गात शिकवतोच.

आता थोडे गणित करू. आमचा बोल्ट १२ मिलिमीटर व्यासाचा होता आणि एका फेऱ्यात तो १.५ मिलिमीटर पुढे सरकतो. पाना २० सेंटिमीटर लांब असेल, तर त्याच एका फेऱ्यात हात सुमारे १२५६ मिलिमीटर फिरतो. म्हणजे घर्षण नसते तर हाताचे बळ सुमारे ८४० पट झाले असते. प्रत्यक्षात आपल्या श्रमाचा सुमारे नऊ-दशांश भाग आट्यांतील आणि बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात खर्च होतो. तरीही हाताने १५ किलोग्रॅमचा जोर लावला, तर बोल्टमध्ये सुमारे सव्वा टनाचा ताण येतो! नळी लावून पाना दुप्पट लांब केला, की तितक्याच जोराने अडीच टन. आटे ऑईलने माखलेले असले तर घर्षण कमी होते आणि ताण आणखी वाढतो.

हा भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. डोक्याच्या बाजूचा पहिला आटाच सुमारे एक तृतीयांश भार घेतो. बोल्ट पोलादाचा, पॅन मऊ ॲल्युमिनियमचे. त्यामुळे कातरले जातात ते पॅनचे आटे. बहुधा हे एका दिवसात होत नाही. दर वेळी जास्त आवळल्याने ते थोडे थोडे वाकतात आणि एके दिवशी तुटतात.

मग ऑईल पाझरत का होते? ते अडवण्याचे काम आट्यांचे नसून तांब्याच्या वॉशरचे असते. दाबाखाली तांबे चेपते आणि फटी बुजवते. पण एकदा चेपलेले तांबे कठीण होते; पुन्हा वापरले तर नीट चेपत नाही. तेथे जोर नव्हे, नवा वॉशर हवा होता.

आटे गेलेली गाडी तशीच चालवू नये. वाटेत बोल्ट पडला तर ऑईल मागच्या चाकाखाली येऊन गाडी घसरते आणि कोरडे इंजिन जाम होते. चिकटद्रव्याने बोल्ट चिकटवणे हाही उपाय नव्हे.

खात्रीची दुरुस्ती अशी. भोक थोडे मोठे करून खास टॅपने नवे आटे पाडतात आणि त्यांत स्टेनलेस स्टीलच्या तारेचे स्प्रिंगसारखे वेटोळे बसवतात. तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा असतो. तिची बाहेरची कड ॲल्युमिनियमच्या आट्यात बसते आणि आतल्या बाजूला मूळ मापाचेच आटे तयार होतात. आता ॲल्युमिनियममधल्या आट्यांचा व्यास १२ ऐवजी सुमारे १४ मिलिमीटर झाला. म्हणजे भार सुमारे एक षष्ठांश अधिक क्षेत्रफळावर पसरला. शिवाय वेटोळे थोडे लवचीक असल्याने सगळे आटे भार बऱ्यापैकी वाटून घेतात. म्हणून अशी दुरुस्ती मूळ आट्यांहूनही टिकाऊ ठरू शकते.

मात्र धातूचा एकही कीस इंजिनात राहता कामा नये. शक्य असेल तर पॅन उतरवून हे काम करावे. भोकापासून तडा गेला असेल किंवा भोवतालची भिंत फार पातळ उरली असेल, तर नवे आटे धरायला धातूच नसतो. तेव्हा पॅन बदलणेच योग्य. काही मोटारसायकलींना सुटे पॅन नसते; बोल्ट थेट इंजिनाच्या कवचातच असतो. तेथे वेटोळ्याचे मोल अधिक, कारण बदलायचे तर अख्खे कवच बदलावे लागेल.

नवा बोल्ट आम्ही आधी बोटांनीच फिरवून बसवला, मग आखूड पान्याने आवळला. विद्यार्थ्यांना एक उदाहरण घालता येईल: पाना १० सेंटिमीटरचा आणि जोर तेवढाच असेल, तर बोल्टमध्ये ताण किती येईल?