खुर्चीवरची तरावीह

रमजानमध्ये इशाच्या नमाजला मशिदीत गेले की सफेच्या टोकाला खुर्च्यांची रांग दिसते. पूर्वी एखाद-दुसरी असायची, आता शहरांतल्या मशिदींत ती नेहमीचीच झाली आहे. खुर्चीवर बसलेल्या चाचांना कारण विचारले तर उत्तर ठरलेले, "घुटने काम नहीं करते." बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. पण काहींचे गुडघे शाबूत असतात. त्यांच्या मांडीतली ताकद गेलेली असते, आणि ती नेणारा आजार मूत्रपिंडात, म्हणजे लोक ज्याला सरसकट किडनी म्हणतात तिथे असतो.

तरावीहच्या २० रकात म्हणजे ४० सजदे. (काही मशिदींत ८ रकात होतात.) उभे राहायचे, रुकूत वाकायचे, कपाळ जमिनीला टेकवायचे आणि पुन्हा उभे राहायचे. मूत्रपिंडाच्या रुग्णाची ताकद मोजताना डॉक्टर जवळपास हेच करायला लावतात. हात न टेकता खुर्चीवरून ५ वेळा उठा-बसा, आणि किती सेकंद लागले ते घड्याळावर बघायचे. तरावीहमध्ये ही परीक्षा महिनाभर रोज होते. गेल्या रमजानमध्ये सहज उठणाऱ्या माणसाला यंदा शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार लागत असेल आणि त्याला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर गुडघ्याच्या तेलाबरोबर रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिनही तपासून घ्यावे. आपल्याकडे मूत्रपिंडे निकामी होण्यामागे हेच दोन आजार सर्वांत पुढे आहेत. शिवाय हे दुखणे मुके आहे. बरेच नुकसान होईपर्यंत कुठे काही दुखत नाही.

मूत्रपिंडे दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे जातो, बाकीचा रक्तात परत येतो. ही गाळणी ३ महिन्यांहून अधिक काळ कमजोर राहिली तर त्याला मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हणतात. गाळण्याच्या वेगावरून त्याच्या ५ पायऱ्या केल्या आहेत. हा वेग ६० च्या खाली गेला की तिसरी पायरी, १५ च्या खाली पाचवी. जसजसे खाली उतरावे तसतसे रक्तात आम्ल साठते, अंगात बारीक दाह धुमसत राहतो, भूक मरते, जिभेची चव जाते. या सगळ्याचा फटका स्नायूंना बसतो. शरीर स्वतःचेच मांस मोडून खाऊ लागते.

घरच्यांच्या ते ध्यानात येत नाही, कारण काटा खोटे बोलतो. स्नायू २ किलोने घटले आणि पायांत, पोटात २ किलो पाणी साठले तर वजन तेवढेच दिसते. "तब्येत तो अच्छी है," म्हणून नातेवाईक निर्धास्त होतात. त्यातच आपली भारतीय काठी मुळात फसवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला होता. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोटावर चरबी आणि स्नायूंची पुंजी पहिल्यापासूनच थोडी. अशा माणसाला मूत्रपिंडाचा आजार जडला की घालवायला त्याच्याजवळ फारसे नसते.

दुसरी फसवणूक रिपोर्टात असते. क्रिएटिनिन तयार होते स्नायूंतून. स्नायू झिजले की ते कमी तयार होते आणि आकडा बरा दिसतो. वाळलेल्या, वयस्क बाईचे क्रिएटिनिन "नॉर्मल" आले म्हणून तिची मूत्रपिंडे धडधाकट आहेत, असे समजता येत नाही. शंका आली तर डॉक्टर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी सांगतात, तिच्यावर स्नायूंचा परिणाम फारसा होत नाही.

मग येते पथ्य. किडनीचा आजार म्हटला की घरात गोश्त, अंडी, डाळ सगळेच बंद होते. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला प्रथिने साधारणपणे दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम सांगितली जातात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम. याचा अर्थ बेताने खा असा आहे, उपाशी राहा असा नाही. आणि डायलिसिस सुरू झाले की हिशेब उलटा होतो. दर खेपेला काही प्रथिनांचे घटक यंत्रातून वाहून जातात, म्हणून गरज वाढून त्याच माणसाला ६० ते ७२ ग्रॅम लागतात. जुने पथ्य मात्र घरात तसेच चालू राहते, कारण बदलायला कुणी सांगितलेले नसते. पथ्याच्या नावाखाली केलेली ही उपासमार आजाराइतकीच बाधते.

दुसरा गैरसमज आरामाचा. "अब आप कुछ मत करो, बस आराम करो," म्हणून मुले बापाला पलंगावर बसवतात, सून सासूच्या हातातून झाडू काढून घेते. यामागची माया खरी आहे. पण पलंगावर पडलेला स्नायू आणखी लवकर झिजतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीची आहे, ज्याला जितके झेपेल त्या बेताने. इटलीत डायलिसिसच्या सुमारे ३०० रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या रुग्णांना घरच्या घरी थोडे थोडे चालण्याचा कार्यक्रम ठरवून दिला होता. सहा महिन्यांनी ६ मिनिटांत ते सरासरी ३२८ ऐवजी ३६७ मीटर चालू लागले. त्यासाठी जिमची गरज पडली नाही. बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागेल अशी चाल पुरते. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, सूज वाढली असेल किंवा ताप असेल तर त्या दिवशी चालू नये. फिस्टुला असलेल्या हाताने ओझे उचलायचे नाही.

म्हणून खुर्चीचा निर्णयही विचाराने व्हावा. सहाबी हजरत इमरान बिन हुसैन यांना आजारपणात हुजूरांनी उभ्याने नमाज पढायला सांगितले, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर. सवलत आहे, पण ती पायरीपायरीने आहे. ज्याला फर्ज उभ्याने पढता येतात आणि तरावीहची लांब किरात झेपत नाही, त्याने थकल्यावर बसावे. पहिल्या रकातीपासूनच खुर्ची धरण्याची गरज नाही. मात्र डायलिसिस करून आलेल्या माणसाचा रक्तदाब उठताना एकदम खाली जाऊ शकतो. त्या रात्री त्याने बसूनच पढावे, त्यात कमीपणा नाही.

आणि रोजा? इथे भावना आड येते. घरात सगळे रोजेदार, आणि आपण दुपारी गोळीबरोबर पाणी प्यायचे याची लाज वाटते. काही जण, विशेषतः बायका, आजार लपवून रोजे धरतात आणि दुपारची गोळी परस्पर बंद करतात. सूरह बकरात आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोजे पुढे ढकलण्याची मुभा स्पष्ट आहे. बरे होण्याची आशाच नसेल तर एका रोज्यामागे एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदया. फिकहची किताबेही जाणकार, भरवशाच्या तबीबाचे म्हणणे मानायला सांगतात. डायलिसिसवर असलेल्यांना आणि चौथ्या-पाचव्या पायरीच्या रुग्णांना डॉक्टर सहसा रोजा नको म्हणतात. सुरुवातीच्या पायऱ्यांवरच्या, तब्येत स्थिर असलेल्या रुग्णाला परवानगी मिळू शकते, पण औषधांच्या वेळा बदलून घेऊन आणि मध्येच तपासणी करून. रमजान संपल्यावर डॉक्टरांना सांगायचे हा उलटा क्रम झाला. शाबानमध्येच विचारावे. लघवी वाढवणारी आणि रक्तदाबाची काही औषधे, मधुमेहाच्या काही गोळ्या दिवसभराच्या तहानेत त्रासदायक ठरतात. डोके दुखले म्हणून इफ्तारनंतर घेतलेली दुखण्याची गोळी तर कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाला सर्वांत घातक.

रोजा नसला तरी इफ्तारच्या दस्तरख्वानावर तो माणूस बसणारच, आणि बसावाही. खजूर, केळी, मोसंबीचा रस यांत पोटॅशियम भरपूर. ते रक्तात वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. भजी, समोसे, पापडांत मीठ, आणि मिठामागून तहान. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात किती पाणी प्यायचे ते ठरवून दिलेले असते. शरबत, खीर, हलीमचा रस्सा, चहा, बर्फ हे सगळे त्याच मापात धरायचे. काही घरांत यासाठी सकाळीच एक बाटली भरून ठेवतात. रुग्ण जे काही पातळ घेईल तेवढे पाणी त्या बाटलीतून ओतून टाकायचे. बाटली रिकामी झाली की त्या दिवसाचे पिणे संपले. डायलिसिसची पाळी संध्याकाळची असेल तर महिन्यापुरती सकाळची मागून पाहावी. इफ्तारला तो घरी असेल, आणि एका खजुरावर सगळ्यांबरोबर दुआ मागेल.